नारळ, काजू व बदाम यांचे घरगुती खाद्यपदार्थ : यहुदी आहारनियम आणि उत्पादकाने घ्यावयाची काळजी

कोकणच्या किनाऱ्यावर नारळ पिकतो व तो घरोघर खपतो, एवढे प्रत्येक बागायतदारास ठाऊक असते. परंतु एखाद्या घरात गाईचे दूध सहज मिळत असतानाही नारळ फोडून, खवून, पिळून त्याचे दूध काढण्याचे कष्ट का घेतले जातात, याचा विचार तो सहसा करीत नाही. रायगड जिल्ह्यातील बेने इस्रायल समाजाच्या घरी या कष्टामागे चवीइतकाच धर्मनियम उभा असतो. हा नियम ज्या उत्पादकास नीट उमगेल त्याचा माल त्या घरी विश्वासाने घेतला जाईल; ज्यास उमगणार नाही त्याच्याकडून एका चमचाभर तुपाने ग्राहकाचा सण बिघडेल आणि त्याचा स्वतःचा व्यवहारही बुडेल. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना व गृहोद्योग करणाऱ्या शेतकरी कुटुंबांना या विषयाची ओळख व्हावी या हेतूने प्रस्तुत माहिती दिली आहे.

शनवार तेली

बेने इस्रायल हे मराठी बोलणारे यहुदी होत. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले व सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पुढे हे लोक कुलाबा जिल्ह्यातील (१९८१ पासून रायगड) गावोगाव पसरले. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडली आहेत. त्यांचा मुख्य धंदा तेल गाळण्याचा होता. शनिवारी ते घाण्यास बैल जुंपीत नसत. म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. ज्या समाजाचे नावच तेलाच्या घाण्यावरून पडले त्या समाजाच्या स्वयंपाकात तीळ, खोबरे व त्यांचे तेल यांना मान असावा, यात नवल नाही.

कोचीनहून आलेल्या डेव्हिड रहाबी यांच्याविषयी एक कथा या समाजात सांगितली जाते. हे लोक खरोखरच यहुदी आहेत की काय हे पाहण्यासाठी रहाबींनी घरातील स्त्रियांपुढे नाना जातींची मासळी ठेवली व ती शिजवावयास सांगितले. स्त्रियांनी पर व खवले असलेली मासळी तेवढी निवडून घेतली. बाकीची बाजूस सारली. इतर अनेक विधी विस्मृतीत गेले होते, ग्रंथ जवळ नव्हते. पण चुलीपाशी नियम जिवंत राहिला होता. कथेतील काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि स्वयंपाकघरातील आचार किती चिवट असतात, हे तिच्यातून चांगले कळते.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर या समाजातील बहुसंख्य लोक तिकडे गेले. आज महाराष्ट्रात मुख्यतः मुंबई-ठाणे भागात व थोडी कुटुंबे रायगडमध्ये आहेत. राज्य शासनाने २०१६ मध्ये यहुदी समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला. संख्या अल्प असली तरी सणाच्या दिवसांत या घरांतून नारळ, बदाम, पिस्ते, खजूर, पोहे यांची खरेदी ठरलेली असते. इस्रायलमधून गावाकडे येणारे नातलगही सोबत नेण्यासाठी खाऊ मागतात.

नियम कोणते ?

यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे खाण्यास योग्य अशा अन्नास 'कोशर' म्हणतात. हा विषय फार विस्तृत आहे. येथे केवळ सुका मेवा, पीठ व भाजीव पदार्थ यांच्याशी संबंध येणारे नियम घेतले आहेत.

पहिला व सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, मांस व दूध एकत्र शिजवावयाचे नाही, एकत्र खावयाचे नाही, आणि मांसाहारानंतर काही तास दुधाचा पदार्थ घ्यावयाचा नाही. हा अवधी किती असावा याविषयी निरनिराळ्या समाजांत निरनिराळी वहिवाट आहे. दुधात दही, लोणी, तूप, खवा, दूधभुकटी हे सर्व येते. कित्येक घरांत दोहोंची भांडीही वेगळी असतात. जो पदार्थ मांसाचाही नाही आणि दुधाचाही नाही त्यास 'पारवे' म्हणतात. धान्य, भाजी, फळे, अंडी, तेल, मीठ, साखर व सर्व प्रकारचा सुका मेवा मुळात पारवे होय. पारवे पदार्थ कोणत्याही जेवणाबरोबर चालतो, म्हणून त्यास मागणी अधिक. मटणाच्या रश्शात नारळाचे दूध आणि मटणाच्या जेवणानंतर नारळाच्याच दुधातील गोड पदार्थ, असा जो प्रघात बेने इस्रायल घरांत पडला त्याचे मूळ येथे आहे.

आपल्याकडे तूप ही शुद्धतेची खूण मानली जाते. पाहुण्यास मान द्यावयाचा तर पदार्थात तूप सढळ हाताने घालावे, अशी गृहिणीची भावना असते. नेमकी हीच सद्भावना येथे घातक ठरते. समजा, अलिबाग तालुक्यातील एखाद्या बचत गटाने नारळाच्या वड्या केल्या. नारळ, साखर, वेलची एवढेच पदार्थ वापरले. परंतु वड्या थापताना ताटास तुपाचा हात लावला. त्या वड्या आता दुधाच्या झाल्या. मांसाहारी जेवणानंतर त्या खाता येणार नाहीत आणि ज्या घरी त्या 'दूध नसलेल्या' म्हणून दिल्या त्या घरची फसवणूक झाली, मग ती अजाणता का असेना. ताटास खोबरेल किंवा तिळाचे तेल लावले असते तर काहीच बिघडले नसते.

दुसरा नियम किड्यांविषयी आहे. किडा, अळी, सोंडा, भुंगेरा पोटात जाणे निषिद्ध असल्याने पीठ चाळून घेणे, तांदूळ निवडणे, खजूर व अंजीर उकलून पाहणे ही कामे त्या घरांत काटेकोरपणे होतात. पिठातील तांबडा भुंगेरा किंवा सुक्या मेव्यातील पाकोळीच्या अळीने केलेली जाळी आढळली की माल परत येतो. शेतकऱ्याने याबद्दल वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. असा माल कोणीच खाऊ नये.

तिसरा नियम अंड्याचा. अंडे एकेक करून वेगळ्या वाटीत फोडावे व आत रक्ताचा ठिपका दिसल्यास ते टाकून द्यावे. सर्व अंडी एकाच भांड्यात फोडण्याची घाई केली तर एका अंड्यापायी सगळे मिश्रण वाया जाते.

गव्हाच्या चिकाचा हलवा

यहुदी नववर्ष भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात येते. बेने इस्रायल त्यास जुन्या बोलीत 'नव्याचा सण' म्हणत. या सणाचे प्रमुख पक्वान्न म्हणजे चिकाचा हलवा. येथे चीक म्हणजे व्यालेल्या गाईचा चीक नव्हे, तर भिजवलेल्या गव्हाचा. नावाच्या साम्यामुळे नवख्या माणसाचा घोटाळा होतो. आणि गाईच्या चिकाचा खरवस हा तर शुद्ध दुधाचा पदार्थ!

कृती पुढीलप्रमाणे आहे. अर्धा किलो गहू निवडून, धुऊन तीन दिवस भिजत घालावेत व पाणी रोज बदलावे, म्हणजे आंबूस वास येत नाही. चौथ्या दिवशी ते वाटून पातळ फडक्यातून पिळून घ्यावेत. चोथ्यात पुन्हा पाणी घालून एकदोन वेळा पिळावे. निघालेले पांढरे पाणी रात्रभर न हलविता ठेवावे. सकाळी वरचे पिवळसर पाणी हलकेच ओतून टाकावे. तळाशी घट्ट सत्त्व राहते तोच चीक. तीन नारळ खवून त्यांचे दाट व पातळ दूध काढावे. चीक, नारळाचे दूध, सुमारे पाऊण किलो साखर व चिमूटभर मीठ जाड बुडाच्या पातेल्यात एकत्र करून मंद विस्तवावर ढवळीत राहावे. हे ढवळणे दोन-अडीच तास चालते व मध्ये हात थांबवून चालत नाही. म्हणून हे काम घरातील दोघीतिघी आळीपाळीने करतात. मिश्रण कडा सोडू लागले व त्यावर नारळाचे तेल सुटून चकाकी आली की वेलची-जायफळ घालून खोबरेल लावलेल्या थाळीत ओतावे, वर बदाम-पिस्त्यांचे काप पेरावेत व थंड झाल्यावर शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या पाडाव्यात. प्रमाण घराघरांत बदलते. रंग घालण्याचीही चाल आहे. शहरांतून आता गव्हाच्या चिकाऐवजी मक्याचे पीठ व चायना ग्रास वापरतात. काम सोपे होते हे खरे, परंतु गव्हाच्या चिकाचा चिवट मऊपणा त्यास येत नाही.

हलव्यात दूध नाही व तूपही नाही. नारळाच्याच तेलाने तो सुटा होतो. यासाठी नारळ पूर्ण तयार, म्हणजे सुमारे अकरा-बारा महिन्यांचा असावा. कोवळ्या नारळाच्या दुधात तेलाचे प्रमाण कमी असल्याने हलवा चिकटतो व बुडास लागतो. या सणाकरिता नारळ पुरविणाऱ्या बागायतदाराने पाडणी करताना तयार पेंढ तेवढी निवडून बाजूस काढावी.

एक विशेष गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. पूर्व युरोपातील यहुद्यांपैकी कित्येक जण याच नववर्षाच्या दिवशी कठीण कवचाचा सुका मेवा खात नाहीत. हिब्रू अक्षरांना अंकमूल्य असते व त्या हिशेबाने अक्रोडाचा शब्द पापाच्या शब्दाशी जुळतो असे ते मानतात. कोकणात त्याच दिवशी हलव्यावर बदाम-पिस्ते पसरतात. अर्थात 'यहुदी घर' म्हटले की सर्वत्र एकच रीत असते असे समजू नये. ग्राहकास त्याच्या घरची रीत विचारावी.

मलिदा : झाडाचे फळ आणि जमिनीचे फळ

मलिदा हा बेने इस्रायल समाजाचा खास विधी व त्याच नावाचा पदार्थ. लग्न, नव्या घरात प्रवेश, नवस फेडणे अशा प्रसंगी, तसेच शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी एलियाहू हनबीच्या स्मरणार्थ मलिदा करतात. हा दिवस जानेवारी-फेब्रुवारीत येतो व यहुदी पंचांगात तो झाडांचा नववर्षदिन होय. अलिबागजवळ सागाव-खंडाळ्याच्या परिसरात एका खडकावर एलियाहू हनबीच्या रथाची खूण उमटली आहे अशी श्रद्धा असून तेथे या समाजाचे लोक दर्शनास जातात.

पदार्थ साधा आहे. अर्धा किलो पोहे धुऊन निथळत ठेवावेत, त्यांत एका नारळाचा चव, चवीप्रमाणे साखर किंवा गूळ, वेलची, जायफळ, बदाम, पिस्ते, बेदाणे घालून हलक्या हाताने कालवावे. सोबत पाच प्रकारची फळे मांडतात. विस्तवाचा संबंध नाही, त्यामुळे नारळाचा ताजेपणा हीच सारी परीक्षा. खवलेला ओला नारळ उन्हाळ्यात चार-पाच तासांतच आंबू लागतो. म्हणून नारळ आयत्या वेळी फोडावा.

शेतीशी संबंध असलेल्या माणसास या विधीतील आशीर्वचनांचा क्रम मोठा उद्बोधक वाटेल. प्रत्येक प्रकारच्या अन्नासाठी वेगळे आशीर्वचन असते : झाडाच्या फळासाठी एक, जमिनीच्या फळासाठी दुसरे. नारळ, बदाम, काजू, खजूर ही झाडाची फळे. केळे मात्र जमिनीचे फळ मानले जाते, कारण केळीचे खोड एकदा घड देऊन संपते व पुन्हा खालून पिल फुटते. दरवर्षी टिकणारे लाकूड तिला नाही. भुईमुगाचा दाणाही अर्थातच जमिनीचा. वनस्पतिशास्त्रातही केळीस वृक्ष म्हणत नाहीत. भुईमुगाचा दाणा सुक्या मेव्याबरोबर विकला जात असला तरी तो शेंगवर्गातील आहे; पुढे वल्हांडणाच्या संदर्भात हा भेद पुन्हा उपयोगी पडेल.

घरच्या घरी भाजणे

खेड्यातील बहुतेक घरांत विजेची भट्टी नसते. पण तिच्यावाचून अडत नाही. जाड पातेल्यात दोन बोटे कोरडी, चाळलेली वाळू पसरून ती वीस मिनिटे तापू द्यावी, वाळूवर लोखंडी कडे ठेवून त्यावर थाळी ठेवावी, वर घट्ट झाकण घालून झाकणावर निखारे पसरावेत. नानकटाईची ही जुनी रीत येथेही लागू पडते. उष्णता अजमावण्यासाठी पांढऱ्या कागदाचा कपटा आत ठेवावा. पाच मिनिटांत तो फिकट बदामी झाला तर आच मध्यम समजावी. काळपट झाला तर वरचे निखारे कमी करावेत. ज्या पातेल्यात वा थाळीत पूर्वी तूप लावून नानकटाई भाजली असेल ते या कामास घेऊ नये. यहुदी ग्राहकासाठी पारवे पदार्थ करावयाचा तर थाळी, पळी व पातेले यांचा वेगळा संच राखून ठेवणे उत्तम.

खोबऱ्याचे मॅकरून हा सर्वांत सोपा पदार्थ. यात पीठ नाही, दूध नाही, लोणी नाही. तीन अंड्यांचा पांढरा बलक, १२५ ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस आणि चिमूटभर मीठ घ्यावे. बलक फेसून त्यात साखर थोडी थोडी मिसळावी, शेवटी कीस घालून हलक्या हाताने एकजीव करावे, लिंबाएवढे ढीग तेल लावलेल्या थाळीत अंतराने मांडावेत व मध्यम आचेवर सुमारे वीस मिनिटे, वरून बदामी होईपर्यंत भाजावेत. ओला नारळ वापरावयाचा असल्यास त्याचा चव आधी मंद विस्तवावर परतून कोरडा करावा, नाहीतर ढीग पसरून त्यांची पोळी होते. बलक फेसण्याच्या भांड्यास तेलाचा अंशही नसावा. पिवळ्या बलकाचा थेंब पडला तरी फेस नीट धरत नाही.

हाच प्रकार काजूचाही होतो. तामिळनाडूतील तुतिकोरिन येथील काजूचे मॅकरून प्रसिद्ध आहेत आणि त्यातही बलक, साखर व काजू एवढेच घटक असतात. काजू फोडणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने यात एक फायद्याची बाब आहे. अखंड गरास जो भाव येतो तो तुकड्यास येत नाही; कुटावयाचे असल्यावर मात्र तुकडा व अखंड गर सारखेच. काजू किंवा बदाम वाटताना एकसारखे फिरवीत राहू नये, तेल सुटून लगदा होतो. थोडी साखर घालून थांबून थांबून वाटावे व चाळून घ्यावे.

मुंबईतील बगदादी यहुद्यांची परंपरा थोडी वेगळी. डेव्हिड ससून १८३२ साली मुंबईस आले, त्यांच्या आगेमागे इराकी यहुदी कुटुंबेही आली. त्यांच्याकडे पुरीम सणाला बदाम व वेलचीची बिस्किटे करण्याची चाल आहे. २५० ग्रॅम बदामपूड, २५० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम साखर, चहाचा एक चमचा वेलचीपूड व तीन अंडी एकत्र मळून छोटे गोळे करावेत, प्रत्येकावर अर्धा बदाम दाबून पंधरा मिनिटे भाजावेत. पूर्व युरोपात बदामाची लांबट वडी भाजून, कापून पुन्हा भाजण्याची रीत आहे. दोनदा भाजल्यामुळे ती बरेच दिवस टिकते. बेने इस्रायल मात्र पुरीमला पुरणपोळी करतात आणि जुन्या बोलीत त्या सणास 'होळीचा सण' म्हणतात, कारण तो होळीच्याच सुमारास पडतो.

वल्हांडण

मार्च-एप्रिलमध्ये येणारा वल्हांडण हा आठ दिवसांचा सण (इस्रायलमध्ये सात दिवसांचा) उत्पादकाने विशेष जपून हाताळावा. या दिवसांत गहू, जव, राय, ओट व स्पेल्ट या पाच धान्यांचा फुगलेला किंवा आंबलेला कोणताही पदार्थ खाणेच नव्हे, तर घरात ठेवणेही वर्ज्य असते. बेखमीर भाकर तेवढी चालते. तिचे पीठ पाण्याने भिजल्यापासून अठरा मिनिटांच्या आत ती भाजून निघाली पाहिजे. भाजीव पदार्थांत पिठाची जागा बदाम, अक्रोड व खोबरे घेतात ती यामुळेच. खोबऱ्याचे आणि बदामाचे मॅकरून जगभर वल्हांडणाचा खाऊ म्हणून प्रसिद्ध झाले, त्याचे कारण त्यांत पीठ नाही हे होय.

तांदळाविषयी दोन रीती आहेत. बेने इस्रायल घरांत या सणास सामान्यतः तांदूळ चालतो. युरोपीय परंपरेतील यहुदी मात्र तांदूळ व कडधान्ये वर्ज्य मानतात आणि भुईमूगही शेंगवर्गातील म्हणून त्यांपैकी बहुतेक जण टाळतात. बदाम, काजू, अक्रोड, पिस्ते, खोबरे यांवर असे बंधन नाही. काजूच्या मालात शेंगदाण्याचे तुकडे मिसळणे ही बाजारातील लबाडी एरवीही निंद्यच. या सणात ती धर्मभंगास कारण होते, आणि शेंगदाण्याची बाधा होणाऱ्या मुलाच्या तर जिवावर बेतते.

गव्हाचे दळण दळून त्याच चक्कीवर बदाम किंवा खोबरे दळू नये. पोते, सूप, चाळण यांस चिकटलेले पीठही येथे दोषच समजले जाते.

लागवडीच्या पहिल्या तीन वर्षांचे फळ

यहुदी धर्मग्रंथातील लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात असा नियम आहे की, झाड लावल्यापासून पहिल्या तीन वर्षांचे फळ खाऊ नये. इस्रायलबाहेर हा नियम संशय असेल तेथे शिथिल धरला जातो; परंतु फळ त्याच काळातील आहे हे निश्चित ठाऊक असेल तर ते वर्ज्यच. माड सहा-सात वर्षांनी धरतो, त्यामुळे नारळाच्या बाबतीत प्रश्न उद्भवत नाही. काजूचे कलम मात्र लवकर मोहरते. वेंगुर्ला येथील फळ संशोधन केंद्राच्या जातींची कलमे लावणाऱ्यांचा अनुभव असा की, लहान रोपांवरही मोहोर येतो. कृषी खात्याची शिफारस अशी आहे की, सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांचा मोहोर खुडून टाकावा, म्हणजे झाडाचा सांगाडा बळकट होतो. धर्मनियम व बागशास्त्र येथे एकाच वाटेने जातात. ज्या बागायतदाराने मोहोर खुडला त्यास आपला काजू निःशंकपणे देता येतो. ज्याने खुडला नाही त्याने लागवडीचे वर्ष विचारल्यास खरे सांगावे.

साठवण

वरील सर्व नियम पाळूनही माल खवट किंवा बुरशीचा असेल तर काही उपयोग नाही. सुक्या मेव्यात तेल भरपूर असते व उष्ण, दमट हवेत ते लवकर बिघडते. कोकणच्या पावसाळ्यात हा धोका सर्वांत मोठा. खोबरे सुमारे ६ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावे. तुकडा वाकविल्यावर न वाकता कडकन् मोडला पाहिजे. काजूबी व भुईमुगाच्या शेंगा ८ टक्क्यांच्या आसपास आणाव्यात. शेंग हलविल्यावर दाणा आत खुळखुळतो ही खेड्यातील खूण बरोबर आहे. वाळविणे जमिनीवर न करता ताडपत्रीवर किंवा मांडवावर करावे.

खोबरे व शेंगदाणा यांवर वाढणाऱ्या एका हिरवट-पिवळ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण होते. १९६० साली इंग्लंडमध्ये भुईमुगाच्या पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला. ते यकृतास अपाय करते व कर्करोगास कारण होते. घरच्या भाजण्याने किंवा तळण्याने ते नाहीसे होत नाही. म्हणून बुरशीचा भाग कापून उरलेले खोबरे किसणे, किंवा सुरकुतलेले, काळवंडलेले दाणे कुटून वड्यांत दडविणे हे सर्वथा त्याज्य होय. असे दाणे जनावरांनाही घालू नयेत; विषाचा अंश दुधात उतरतो.

वाळलेला माल घट्ट झाकणाच्या डब्यांत, भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावा व दर पंधरा दिवसांनी उघडून पाहावा. कडुलिंबाचा पाला घालणाऱ्यांनी तो माल देण्यापूर्वी पूर्ण वेचून काढावा. कीटकनाशक भुकटी खाण्याच्या मेव्यास कधीही लावू नये.

काय विकावे, काय विकू नये

सर्वांत निर्धोक माल म्हणजे अखंड, कच्चा, काहीही न मिसळलेला मेवा. नारळ, सुके खोबरे, काजूगर यांवर तेल, मीठ, मसाला किंवा रंग नसेल तर यहुदी ग्राहक तो सहसा विनाअट घेतो. भाजलेल्या व शिजविलेल्या पदार्थांची गोष्ट वेगळी. काही कर्मठ घरांत बिगर-यहुदी घरी भाजलेली भाकर व शिजविलेले पदार्थ मुळीच घेत नाहीत. काही घरांत भट्टीचा विस्तव यहुदी माणसाने पेटविला असल्यास चालते. काही घरांत केवळ घटकांची खात्री पुरते. हा प्रश्न आधी विचारावा व मगच मागणी घ्यावी. नकार मिळाल्यास त्यात अपमान मानू नये. आपल्याकडेही सोवळ्याचे नियम पाळणारी घरे आहेतच.

त्याचप्रमाणे मोठ्या प्रमाणात पीठ मळताना, साधारणतः सव्वा किलोच्या वर, यहुदी गृहिणी कणकेचा एक गोळा बाजूस काढून जाळते. हे तिचे व्रत आहे, विक्रेत्याने तिच्या वतीने करण्याचे काम नव्हे.

वेष्टनावर 'कोशर' हा शब्द स्वतःच्या मनाने छापू नये. तो अधिकार त्या धर्माच्या जाणत्या प्रमाणपत्र-संस्थेचा आहे. त्याऐवजी सर्व घटक स्वच्छ अक्षरांत लिहावेत : नारळ, साखर, अंडे, खोबरेल, जे असेल ते. बेकरीत मिळणारी तयार चरबी, जिलेटिन व किरमिजी रंग यांत प्राणिजन्य अंश असण्याचा संभव असल्याने त्यांचा वापर टाळावा. घरगुती उद्योगासही अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ प्रमाणे नोंदणी आवश्यक आहे, तसेच सुका मेवा, शेंगदाणे, दूध, अंडी, गहू यांचा उल्लेख वेष्टनावर केला पाहिजे.

मागणी घेताना इंग्रजी महिन्यावर विसंबू नये. यहुदी पंचांग चांद्र असून त्यात आपल्याप्रमाणेच अधिक महिना येतो. म्हणून सणाची तारीख दरवर्षी मागेपुढे होते. त्या वर्षीची तारीख संबंधित कुटुंबाकडून किंवा जवळच्या सिनेगॉगमधून विचारून घ्यावी. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत त्या घरी खरेदी-विक्री होत नाही. शुक्रवारचा माल दुपारी चारच्या आत पोहोचविण्याची व्यवस्था करावी. हलव्यासाठी लागणारे नारळ सणाच्या किमान चार दिवस आधी द्यावेत, कारण गहू भिजण्यासच तीन दिवस जातात आणि त्या काळात नारळ पारखून एखादा नासका निघाल्यास बदलून देता येतो.